पायवाटेचा हेवा

नदीकाठी फिरायला आणि सायकलींना नवा फरसबंद रस्ता झाला, तेव्हाची ही गोष्ट, बरं का. शेजारची मातीची पायवाट त्याच्यावर जळू लागली. तिच्यावर आता गवत चढत होतं. एकटी ठकूबाई तेवढी रस्ता ओलांडून तिच्याकडे यायची, देवासाठी पाणी न्यायला, अनवाणी.

“बाभळी, त्या मेल्यावर काटे टाक गं!” पायवाट म्हणाली.

“त्यानं तुझं काय घेतलं?”

“माझी पावलं!”

बाभळीनं काटे टाकले. पण सकाळी आधी आली ती ठकूबाईच. टाच धरून मटकन खाली बसली. “उद्यापासून बाई, पलीकडच्या घाटानंच जाईन.” मागून आलेल्या सायकलवाल्यांनी काटे बाजूला सारले नि निघून गेले.

पावसाळा सरला. “ठकू दिसते का गं?” पायवाटेनं विचारलं.

बाभळीनं खाली पाहिलं. गवतात तिला पायवाटच दिसेना.