मधला मोठा गोल

प्राण्यांनाही भिंतीवर आपली चित्रं टांगायची हौस होती, त्या काळची गोष्ट. सिंहमहाराजांनी चित्रकार साळिंदररावांना दरबाराचं चित्र काढायला सांगितलं. "सगळे मावले पाहिजेत, नाहीतर नोकरी गेली समजा!"

साळिंदररावांनी स्वतःचाच एक काटा उपटून शाईत बुडवला आणि महाराजांच्या मिशांपासून सुरुवात केली. आयाळ संपेपर्यंत कागदही संपला. हत्तीचा नुसता कान आला. हत्ती रुसला.

मग साळिंदरराव वहीत फक्त गोल, त्रिकोण, चौकोन मांडून कोण कुठे मावेल ते बघू लागले.

"बटाटे काढताय वाटतं?" कोल्हा म्हणाला.

महाराजांनी वही पाहिली. "हा मधला मोठा गोल सगळ्यांची जागा अडवून बसलाय. सरकवा त्याला कडेला!"

"जशी आज्ञा, महाराज."

चित्र झालं. अख्खा दरबार मावला, हत्ती तर शेपटीसकट. महाराज खूश झाले आणि अचानक थबकले.

"मी कडेला कसा?"

"महाराज," साळिंदरराव चाचरत म्हणाले, "तो मोठा गोल म्हणजे आपणच."

महाराजांनी पुन्हा एकदा चित्र न्याहाळलं आणि मिशीवरून पंजा फिरवला.

"बघा, चित्रातलं आम्हाला किती कळतं!"