हुजऱ्याच्या कमरेला छल्ला

"उद्या दरबारात माझ्या सहाही वस्तू घेऊन यायचं, सुभानजी. पण हातात एकही दिसता कामा नये!" राजे भुजंगराव गरजले. "डोक्यावर नको, खांद्याला झोळी नको, मदतीला माणूस नको. मी मागितली की पापणी लवायच्या आत वस्तू माझ्या हातात हवी. आणि तीन मुजरे करताना एक जरी खाली पडली, तर पागोटं इथे ठेवायचं अन् हिरवगडाची वेस ओलांडायची!"

चूक माझीच होती. मी राजांचा हुजऱ्या. सतरा वर्षं त्यांच्यामागे तीन पावलांवर चालत होतो. डाव्या हातात अडकित्ता, रुमाल, किल्ल्या. उजव्या हातात तपकिरीची डबी, शिक्क्याची मोहोर आणि कानकोरणं. असा तोल साऱ्या संस्थानात कुणाला साधत नाही, असं सगळे म्हणत. म्हणजे मी म्हणत असे आणि सगळे ऐकत.

त्या दिवशी शेजारचे राजे पाहुणे म्हणून आले. मुजरा करायचा तर उजवा हात जमिनीपर्यंत नेऊन कपाळाला लावावा लागतो. न करावा तर अपमान. मी केला. डबीसकट. हात वर आला, झाकण उडालं आणि सगळी तपकीर पाहुण्यांच्या नाकात गेली. त्यांना अशी शिंक आली की त्यांची पगडी उडून आमच्या राजांच्या मांडीवर बसली. मला वाटलं, राजे हसतील. त्यांच्याबद्दलचे माझे अंदाज सतरा वर्षं असेच चुकत आले आहेत.

"महाराज, हात दोनच आहेत," मी पुटपुटलो.

"मग दोन्ही रिकामे ठेव!" असं म्हणून त्यांनी ती आज्ञा केली.

घर राजवाड्याच्या आवारातच होतं. दोन खोल्या आणि मागे शेवग्याचं झाड. झाड माझ्या लेकीच्या, म्हाळसाच्या आईनं लावलेलं. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. शेंगा अजून येत होत्या. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. झाड बरोबर नेता आलं नसतं.

मी म्हशीसमोर सराव सुरू केला. सगळ्या वस्तू शेल्यात खोचल्या आणि वाकलो. अडकित्ता विजारीत उतरला आणि नको तिथे जाऊन थांबला. पागोट्यात ठेवलेला रुमाल डोळ्यांवर आला. मोहोर तोंडात धरली, तर 'जी महाराज' म्हणताना ती जवळजवळ पोटात गेली. म्हशीनं तोंड फिरवलं.

"आबा, वेडे झालात की बढती मिळाली?" विहिरीवरून म्हाळसानं विचारलं. पाण्यानं भरलेली कळशी ओढत होती, दोन्ही हात दोरावर.

मी सगळं सांगितलं. तिनं कळशी काठावर टेकवली.

"आबा, कोठीची किल्ली हवी?" तिचा हात कमरेकडे गेला आणि किल्ली माझ्यासमोर! "चिमटा हवा? सुईची नळी? चुन्याची डबी?" टक्, टक्, टक्! "आता सांगा, पाणी ओढताना यातलं काय माझ्या हातात होतं?"

तिच्या कमरेला चांदीचा छल्ला होता. वर लुगड्यात खोवायचा आकडा, खाली साखळ्या आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला छोटी आकडी. तिच्या आईचा. त्याची किणकिण मी घरात वीस वर्षं ऐकत होतो. नीट नजर देऊन पाहिला मात्र कधी नव्हता.

म्हाळसानं डबीच्या गळ्यात दोऱ्याची कडी घातली, अडकित्त्याला घातली, सगळ्यांना घातली.

"छल्ला न्या. पण आईचा आहे, एकटा जाणार नाही. मीही येते."

दुसऱ्या दिवशी मी किणकिणत दरबारात शिरलो. एक मुजरा, दोन मुजरे, तीन! काही पडलं नाही.

"तपकीर!" डबी हजर. "मोहोर!" हजर. "कानकोरणं! किल्ल्या! रुमाल! अडकित्ता!" राजांना धाप लागली, मला नाही.

हरणं राजांना जमत नसे. ते ओरडले, "अरे, हा तर बायकांचा दागिना! माझ्या दरबारात पुरुषानं दागिना मिरवत यायचं? हा अपमान आहे! पागोटं ठेव!"

दरबार खो खो हसला. माझा हात पागोट्याकडे गेला. सतरा वर्षांत नेमका आजच तो रिकामा होता.

"सरकार!" दारातून म्हाळसा पुढे आली. "एक विचारू? आपली तलवार कमरेला कशानं अडकवली आहे?"

"चांदीच्या आकड्यानं. का?"

"आणि कमरेलाच का?"

"म्हणजे हात मोकळे राहतात!" राजे बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"शेवटची कधी काढली होती?"

"दसऱ्याला!"

"ती पूजेला, सरकार. म्यानासकट." कोपऱ्यात कुणीतरी खोकलं. "आबांच्या आकड्यावरच्या सहाही वस्तू आत्ता आपल्यासमोर निघाल्या. दोन्ही आकडे चांदीचे, दोन्ही कमरेला. एकावरची वस्तू सारखी लागते, दुसऱ्यावरची कधीच काढावी लागत नाही. आता सरकारांनीच सांगावं, दागिना कुणी घातलाय?"

राजांनी तलवारीची मूठ धरली. ओढली. पुन्हा ओढली. एक पाय सिंहासनाला लावून दोन्ही हातांनी ओढली. तलवार म्यानात गंजून बसली होती! राजांनी एकदा मुठीकडे पाहिलं, एकदा म्हाळसाकडे, आणि मग असे हसले की त्यांचाच जिरेटोप वाकडा झाला.

"आवारातलं घर झाडासकट या मुलीच्या नावे! नदीकाठचं शेतही तिलाच! आणि पोरी, तो छल्ला मला दे."

"तो आईचा आहे, सरकार. माप देते, सोनाराकडून करवून घ्या."

राजे आणखी हसले. मी घसा खाकरला. "महाराज, आणि मला?"

"तुझे दोन्ही हात रिकामे झाले ना? हा पंखा घे. आजपासून वारा घाल!"

मी आनंदानं मुजरा केला. पंख्यासकट.