मडक्याच्या आतली काजळी

"चकमकीनं पेटवली तर चालेल का, बाबा?"

रायाजीनं पुन्हा तेच विचारलं. सावळनाथांनी मान वर केली नाही. थंड राखेत बोटं घालून ते एखादा निखारा उरलाय का, ते चाचपत होते. उरला नव्हता.

घाटमाथ्यावरच्या त्या मठातली धुनी मूळपुरुषापासून कधी विझली नाही, असं साऱ्या मुलखात सांगत. शिपाई तिची शपथ घेत. आणि ती विझली कुणाच्या पाळीला, तर रायाजीच्या. काल रात्री अवकाळी वादळ सुटलं, तेव्हा खिंडीत घातलेलं काटेरी कुंपण वारा उडवून नेईल म्हणून हा गडी तिकडं धावला. कुंपण राहिलं जागच्या जागी, कड्याच्या आडोशाला कोरडं ठणठणीत. इकडं धुनीवरचं छप्पर उडालं आणि पावसानं आपलं काम केलं.

आज दुपारी राजा येणार होता. घाटाखालच्या मुलखावर स्वारी ठरली होती, आणि या धुनीचं भस्म कपाळाला लावल्याशिवाय स्वारी निघत नसे.

"धुनी पेटवत नाहीत," नाथ म्हणाले. "आणतात."

"कुठून?"

नाथांनी हनुवटीनं घाटाखालच्या मठाकडं खूण केली.

रायाजीची नजर खिंडीतल्या कुंपणावर गेली. तो मठात यायच्या आधी राजाच्या पागेत होता. घाट बंद करा, खालचं माणूस वर नको आणि वरचा दाणा खाली नको, असा हुकूम आला, तेव्हा मठातल्या कुणी बोट हलवलं नाही. यानं मात्र बाभळीचे काटे स्वतः तोडले, स्वतः रचले. छाती फुगवून रचले.

"तिथंही नाही," तो हळूच म्हणाला.

"तुला काय ठाऊक?"

"परवा खालच्या मठाचा सोमा गुरव आला होता. नदी मठात शिरली, धुनी बुडाली म्हणाला. रिकामं मडकं घेऊन काट्यांपलीकडं उभा होता."

"मग?"

"मी सांगितलं, हा आमच्या मुलखाचा विस्तव आहे. खिंड ओलांडणार नाही."

"तो काय म्हणाला?"

"काहीच नाही. मडकं डोक्यावर घेतलं आणि आला तसा उतरला."

छपराच्या वाशांवरून पाणी ठिबकत होतं...

"बाबा, विस्तव असा आणतात, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं होतंस?"

विस्तव कुणाला द्यायचा, हे विचारायची गोष्ट आहे, असं रायाजीला वाटलंच नव्हतं.

"कोनाड्यातलं मडकं काढ," नाथ म्हणाले.

ते मूळपुरुषाचं मडकं. रायाजी रोज त्याच्यावरची धूळ झटकी, फूल वाही. मूळपुरुष यात रांधत असावेत, असा त्याचा समज होता. कुणी विचारलं तर तसं ठोकूनही देई.

"बाहेरून कसं आहे?"

"लाल, बाबा. भाजल्या मातीचं."

"रांधायचं मडकं कुठून काळं होतं?"

"बाहेरून... जाळ लागतो तिथून."

"आत हात घाल."

रायाजीनं हात घातला आणि बाहेर काढला. पंजा काळाकुट्ट झाला होता. त्यानं पुन्हा हात घातला, नखानं खरवडलं. खाली आणखी काजळी होती. तिच्याखाली आणखी. थरावर थर, जुनी, दगडासारखी घट्ट बसलेली. कितीतरी वेळा या मडक्यात कुणीतरी धगधगते निखारे भरले होते, आणि घाट चढून इथं आणले होते.

त्यानं मडकं पोटाशी धरलं.

"म्हणजे ही धुनी... विझली होती? आधीही?"

नाथ दरीकडं बघत होते. धुकं विरत चाललं होतं.

"तिकडं बघ," ते म्हणाले.

खाली, नदीच्या वळणावर, खालच्या मठावरून धूर चढत होता. सरळ आणि शांत. परवा तिथं चिखल होता. आज धूर होता.

रायाजी मडकं घेऊन खिंडीकडं निघाला. ज्याला नाकारलं, त्याच्याच दारात हात पसरायचा होता. नाथ काठी टेकत मागून येत होते.

काट्यांपलीकडं सोमा गुरव उभा होता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मडकं, दाढीभर राख. घाट चढून त्याला धाप लागली होती.

"आदेश," त्यानं नाथांना पंथाचा नमस्कार सांगितला. मग रायाजीकडं वळला. "सकाळी तुमचा धूर दिसला नाय. म्हटलं, इजली असंल."

रायाजीनं त्याच्या डोक्यावरच्या मडक्याकडं पाहिलं.

"तुला... तुला विस्तव मिळाला कुठं?"

"खाडीपल्याड. फकिराच्या तकियात, त्याच्या मठीत. तिथं तिसऱ्याच राजाचं राज्य, पण त्यांची बी धुनी हाय. त्यानं मडकं भरून दिलं. म्हणला, घ्या की, माझ्या गुरूच्या गुरूनं ह्यो इस्तव घाटावरच्या मठातनंच नेला व्हता."

सोमानं मडकं खाली घेऊन त्याच्यावरची राख फुंकली. आत निखारे लाल होते.

रायाजी बघत राहिला. इथून गेलेला विस्तव. खाडी ओलांडून गेलेला, परक्या राज्यात कुणाच्या तरी गुरूच्या गुरूनं जपलेला, नदीनं बुडवलेल्या मठात पुन्हा उजळलेला, आणि आज त्यानंच घातलेल्या काट्यांसमोर येऊन थांबलेला. त्याला गुडघे टेकावेसे वाटले. त्यानं टेकले.

"कुंपण काढतोस, की मी उभाच राहू?" सोमा म्हणाला. "हात भाजायला लागलं की."

रायाजीनं काटे उघड्या हातांनी ओढले. रक्त आलं, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. वाट झाली. सोमा आत आला आणि निखाऱ्यांचं मडकं सांभाळत मठाकडं चालू लागला.

धुनीच्या कुंडात निखारे ओतले. पण मठातलं सारं सरपण भिजलेलं. ओंडका ठेवला की नुसता धूर. एक निखारा काळवंडला, मग दुसरा. सोमा फुंकत होता, त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

"बाबा, जातेय पुन्हा," रायाजी म्हणाला.

नाथ कठड्यावर बसले होते.

"कोरडं काय आहे आपल्याकडं?"

रायाजी खिंडीकडं पळत सुटला.

बाभळीच्या फांद्या त्यानं मोळ्या मोळ्यांनी ओढून आणल्या. पहिला काटा निखाऱ्याला टेकला आणि तडतडला. मग जाळ असा उठला, की सोमा मागं सरकला. तिघांच्या तोंडावर उजेड पडला. रायाजी काटे घालत राहिला, खिंड मोकळी होईपर्यंत घालत राहिला. धूर वर चढला, उडालेल्या छपरातून बाहेर पडला आणि दरीवर गेला. सोमा खाली बघून हसला. तिकडूनही धूर येतच होता.

ऊन वर आलं. सोमाला भाकरी दिली, त्यानं ती तिथंच बसून खाल्ली. कुंडात पांढरंशुभ्र भस्म साचलं. राजाच्या गडाच्या बाजूनं शिंगाचा आवाज आला.

तेव्हा कुठं रायाजीला भान आलं. त्यानं रिकाम्या खिंडीकडं पाहिलं. राजाचा हुकूम त्यानं जाळून टाकला होता.

"बाबा, राजे आधी खिंड बघतील. काटे कुठं गेले विचारतील. मी काय सांगू?"

नाथांनी चिमूटभर भस्म उचललं. बोटांत चोळून पाहिलं. अजून कोमट होतं.

"आधी त्याला भस्म लाव," ते म्हणाले. "मग सांग, काटे तुमच्या कपाळावर आहेत."