दोन प्यादी

फार मागं, एका गार, ढगाळ सकाळी स्पर्धेच्या मंडपात बुद्धिबळाचा डाव मांडला होता. पांढऱ्या उंटापुढचं प्यादं एकदम दोन घरं पुढं गेलं, तसं समोरच्या काळ्या प्याद्याच्या पोटात दुखलं. "हा पलीकडं पोचून वजीर होणार, आणि मी बघत बसू?" म्हणत तेही तेवढंच सरकलं. झालं! दोघं समोरासमोर अडकले.

पटावर हत्ती पडले, घोडे पडले. यांना पाऊल टाकता येईना. तरी काळं प्यादं खूश होतं.

शेवटी डाव बरोबरीत सुटला. सगळे एकाच डबीत गेले. काळ्यानं शेजारच्या पांढऱ्याला डिवचलं, "काय वजीरसाहेब?"

पांढरं म्हणालं, "नाही झालो बाबा. पण तूही झाला नाहीस, तेवढ्यावर माझाही दिवस सुखात गेला."