बापूसाहेब पाच मिनिटं कलशात

नवा प्रिंटर नारळ फोडून बसवला आणि दूध संघाच्या वार्षिक सभेची पहिलीच नोटीस त्याने अशी छापली, की कोणाच्या बापाला वाचता येईना. कुठे चौकोन, कुठे उलटे त्रिकोण, मध्येच एखादा आकडा. एक कागद झाला, दुसरा आला, तिसरा आला, आणि सगळे ऑफिस नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे.

शिपाई शिदबा गुरवाने तर कहरच केला. चौथी नापास माणूस. न कळणारे अक्षर दिसले की त्याला ते कानडी वाटे. कागद घेऊन तो तडक कँटीनमधल्या बसाप्पाकडे गेला. बसाप्पाने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मामा, हे कानडी नव्हे."

"मग काय आहे?"

"आमच्यात अशाला कचरा म्हणतात."

शिदबा कागद घेऊन परत आला. तीस वर्षे लोकांना पाणी पाजण्यात गेली, त्यात डोक्याचेही पाणीच झाले, असे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. खोटे बोलत नव्हता.

दुखणे कळले होते ते संगणकावर बसणाऱ्या शमा मुलाणीला. ती म्हणाली, "मामा, यंत्र नवं आलंय, पण संगणकाला वाटतंय जुनंच आहे. तो जुन्याच्या भाषेत बोलतोय, नव्याला कळत नाही. दोघांच्या मध्ये एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणायचं. जुन्या यंत्राची नोंद काढायची, नव्याचा ड्रायव्हर घालून परत नोंद करायची. पाच मिनिटांचं काम."

"मग कर की."

"नोंदीला नाव काय आहे ते बघा."

नाव होते 'बापूसाहेब'. चेअरमन साहेबांच्या कैलासवासी वडिलांचे. संघाचा टँकर बापूसाहेब, विहीर बापूसाहेब, मग प्रिंटर कसा सुटेल? सहाही संगणकांवर तेच नाव. दिवसभर कोणीतरी ओरडायचे, "अहो, बापूसाहेबांत कागद अडकला." "बापूसाहेबांची शाई संपली." "बापूसाहेब गरम झालेत, जरा बंद करा."

शमाने बटण दाबले. पडद्यावर प्रश्न आला: 'बापूसाहेब कायमचे काढून टाकायचे का? हो / नाही.' आणि नेमके तेव्हाच चेअरमन साहेब तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"कोणाला काढताय?"

"साहेब, ते नुसतं यंत्राचं..."

"संघ उभा केला त्यांनी. त्यांना काढणाऱ्या तुम्ही कोण?"

"मग साहेब, शेजारी दुसऱ्या नावाने लावते."

"दुसरं नाव लागणार नाही. आहे ते बदलणार नाही. एक क्षणभरसुद्धा निघणार नाही. आणि नोटिसा चारच्या टपालात पडल्या पाहिजेत, आज शेवटची तारीख आहे. नाही पडल्या तर उद्यापासून येऊ नका बाई."

साहेब केबिनमध्ये गेले. शमा शिदबाकडे वळली. तीन वर्षे ती कंत्राटावर होती, घरात कमावती तीच.

"मामा, नोंद काढल्याशिवाय ड्रायव्हर बदलत नाही. आणि हे म्हणतात, काढायची नाही. आता काय करू?"

गप्प बसणे शिदबाला जमले असते, तर तो एव्हाना हेडक्लार्क झाला असता. प्रिंटरमधले त्याला एवढेच कळे, की एका बाजूने कागद घालायचा आणि दुसऱ्या बाजूने शिव्या. पण एखाद्याला जागेवरून हलवायचे आणि तरी काढले म्हणायचे नाही, हे काम त्याने केले होते. तो उठला, कँटीनमधून तांब्या, नारळ आणि पाच विड्याची पाने घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. मागे शमा, आणि दारात सगळे ऑफिस.

"हे काय रे?"

"बापूसाहेबांना बसायला जागा."

"शुद्धीवर आहेस का?"

"मी कधी असतो साहेब? पण एक सांगा. गेल्या चैत्रात भैरोबाच्या मूर्तीला वज्रलेप दिला, तेव्हा देवाला काढलं होतं का?"

"काढलं कशाला? कलशात बसवलं होतं. लेप झाल्यावर परत मूर्तीत."

"किती दिवस होते कलशात?"

"तीन."

"आणि संकल्पाला पाटावर कोण बसलं होतं?"

"मी."

"मग बापूसाहेबांना पाच मिनिटं बसवू. तेवढ्यात बाई यंत्राला लेप देतील."

"शिदबा, हे यंत्र आहे. देऊळ नव्हे."

"नुसतं यंत्र असेल तर बटण दाबू द्या साहेब. बापूसाहेब असतील तर कलशात बसू द्या. तुम्ही म्हणाल तसं."

साहेबांनी तांब्याकडे पाहिले. यंत्र म्हणावे तर बटण दाबावे लागते, वडील म्हणावे तर तांब्या समोरच होता. भैरोबाने जे चालवून घेतले ते बापूसाहेबांना चालत नाही, असे भर ऑफिसात म्हणण्याची त्यांची छाती झाली नाही.

"बसव," ते म्हणाले.

सगळे शमाच्या संगणकापाशी आले. शिदबाने शमाकडून चिठ्ठीवर नाव लिहून घेतले, चिठ्ठी पानांखाली ठेवली, वर नारळ ठेवला. गुरव असूनही मंत्र त्याला अर्धाच येत होता, म्हणून तो त्याने दोनदा म्हटला. शमाने पडद्यावर बोट दाखवले आणि 'हो' साहेबांनी स्वतः दाबले. बापूसाहेब गेले, नवा ड्रायव्हर आला, आणि पाचव्या मिनिटाला शमाने तेच नाव तिथेच परत लावले.

प्रिंटर घरघरला. नोटीस बाहेर आली, काळीभोर, ठसठशीत, सही करायला जागा सोडून. साहेबांनी ती वाचली, तांब्याकडे पाहिले, आणि त्यांना असे हसू फुटले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बाई, पुढच्या बैठकीत तुम्हाला कायम करतो. टाइप करा ठराव, मी आत्ता सही करतो. आणि शिदबा, पुढचं यंत्र येईल त्याला तुझं नाव देऊ का?"

"नको साहेब. बापूसाहेबांना लोक हळू आवाजात शिव्या देतात. मला मोकळ्या गळ्याने देतील."