पाठीवरची मासोळी

फार पूर्वी माळावरच्या एका डबक्यात एक बेडूकमासा आणि एक मासोळी एकत्र वाढले. दोघांनाही शेपूट, दोघांनाही कल्ले. आपण एकाच जातीचे, याबद्दल त्यांना कधी शंकाच आली नाही.

मग बेडूकमाशाला पाय फुटले, शेपूट आखडत गेलं, कल्ले मिटले. पाण्यात जीव घुसमटायला लागला तसा तो घाबरून वर आला आणि हवेतला पहिला श्वास छातीत शिरला. तो बेडूक झाला होता.

त्याच उन्हाळ्यात डबकं आटायला लागलं.

"तुझे पाय कधी येणार गं?" तो रोज विचारायचा.

मासोळी अंग वळवून पोटाखाली बघायची. "येतील रे. माझं सगळं उशिराच होतं."

नुसता चिखल उरला, तेव्हा बेडकाने तिला ओल्या शेवाळात गुंडाळून पाठीवर घेतलं आणि तो टेकाडापलीकडच्या ओढ्याकडे निघाला.

"मला गुदमरतंय रे," ती म्हणाली.

"आधी गुदमरतंच. माझंही असंच झालं होतं. थोडं सोस, आपोआप जमतं."

टेकाड चढताना तिची तडफड थांबली.

"बघ, जमलं की नाही?" बेडूक म्हणाला आणि खुशीत उड्या मारत सुटला.

ओढ्यात त्याने तिला अलगद सोडलं. ती पोहली नाही. हळूहळू तळाशी गेली.

बेडूक तिच्यामागे खाली गेला आणि तिला बिलगून बसला. त्याला तिथेच राहायचं होतं. पण श्वास संपला की त्याचं स्वतःचंच अंग त्याला पुन्हा वर आणून सोडायचं.