नदीकाठचे फोर्ड

समोरची पाटी वाचून पाहुणे मंडळी हसतातच. हसा. 'गणपत खेमा फोर्ड, चहा व भजी.' मोटारवाले फोर्ड आम्ही नव्हे; आमच्या अख्ख्या भावकीत एक सायकल, तिलाही ब्रेक नाही. पण काठाकाठाने खाली जा. नदी जिथे जिथे पायी ओलांडता येते, तिथे फोर्डांचे एखादे घर सापडेलच. त्याचे असे झाले म्हणे.

फार मागे इथे खेमा नावाचा गडी राहायचा; माझ्या बापाला त्याचेच नाव ठेवलेले. आडनाव तेव्हा दुसरेच होते. गावाला हसवणे हाच त्याचा उद्योग; कुणाचे धोतर झाडावर टांग, कुणाच्या रेड्याला बाशिंग बांध. एकदा घोड्यावरून एक गोरा साहेब आला आणि खुणेने विचारू लागला, पलीकडे कुठून जाऊ? उतार होता वडाखाली, गुडघाभर पाण्याचा. खेम्याने डोह दाखवला. साहेब भिजेल, टोपी वाहील, गाव आठवडाभर हसेल, एवढाच त्याचा बेत. घोडा पोहत काठाला लागला. टोपीही लागली. साहेब लागला नाही.

पावसाळा सरल्यावर साहेबाची बाई घोडागाडीतून आली, बरोबर दुभाष्या. खेम्याने टोपी पुढे केली.

"वाट चुकले हो साहेब. मी लई ओरडलो."

बाईने त्याचे दोन्ही हात धरले. मग डोहाकडे बघत काहीतरी बोलली. दुभाष्या म्हणाला, "यांचं आडनाव फोर्ड. त्यांच्या बोलीत फोर्ड म्हणजे नदीचा उतार. वाडवडील उताराशी राहायचे, म्हणून हे नाव. अशा घरातल्या माणसाला पाण्यानं कसं फसवलं, तेच बाईंना कळत नाही."

खेम्याला मान वर करवेना.

"पाण्यानं नाही," तो म्हणाला. "मी फसवलं."

बाईने हात सोडले. ती ओरडली नाही, की शिपाई बोलावले नाहीत. खेमा धावत जाऊन खऱ्या उतारात उभा राहिला. "हितनं या बाईसाहेब, गुडघाभरच हाय!" तिने गाडी वळवली आणि लांबचा वळसा घालून निघून गेली. तो अंधार पडेपर्यंत पाण्यात उभा होता, असे सांगतात.

मग त्याने साहेबाचे आडनाव लावले. "हाक मारली की आठवलं पाहिजे," म्हणाला. लेकी दिल्या त्याही उतारावरच्या गावांत, आणि सासरी त्यांनी हेच नाव चालवले.

आजही फोर्डांचा माणूस तुमची टिंगल करील, चहात मीठ टाकील. पेला नीट बघून घ्या. पण वाट विचारलीत तर तो बोट दाखवत नाही. उठतो, धोतर खोचतो आणि तुमच्या आधी पाण्यात उतरतो. पलीकडे पाय टेकेपर्यंत हसत नाही.